झटका लपवू नका

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे जे घडले ते कोणत्याही शाळेत घडू शकते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचे एक कपाट होते. आत सहा सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर, रेझिस्टरच्या पुड्या आणि पुष्कळसे सुटे भाग नीट रचून ठेवलेले होते. बाहेर मात्र चांगले दणकट पितळी कुलूप! चौकशी करता कळले, की शाळेत दर शनिवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाचा वर्ग भरत असे. आठवी-नववीची पंचवीसएक मुलेमुली येत. एका शनिवारी नववीतल्या एका मुलाच्या जोडणीतला कपॅसिटर फटाक्यासारखा आवाज करून फुटला. कसल्याशा ओलसर, चिकट कागदाचे तुकडे त्याच्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसले. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. सोमवारी कपाटाला कुलूप लागले, ते आजतागायत.

‘पण तो फुटला का?’ असे मी विचारले. ‘मुलांचा निष्काळजीपणा, दुसरे काय?’ असे उत्तर मिळाले. मग त्या मुलाला जवळ बोलावून विचारले. तो बिचारा आधी तोंडच उघडेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, ज्या बाजूला पट्टी असते ती बाजू प्लस, असं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं.”

विद्यार्थी मित्रांनो, या एका वाक्यात सगळा उलगडा आहे. तो व्हिडिओ खोटा नव्हता. टँटॅलमचा जो थेंबासारखा छोटा कपॅसिटर बाजारात मिळतो, त्यावरची रेघ धन टोक दाखवते. पण ॲल्युमिनियमच्या डबीसारखा जो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपण नेहमी वापरतो, त्यावरची पट्टी ऋण टोक दाखवते. मुलाने एकाचा नियम दुसऱ्याला लावला आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरला तो उलटा जोडला. या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तोच विजेला अडवून धरतो. दाब उलटा दिला की हा थर नासू लागतो, आतून प्रवाह वाहू लागतो, द्रव तापतो, वायू तयार होतो आणि डबीत कोंडतो. डबीच्या माथ्यावर फुलीसारखी खाच कोरलेली तुम्ही पाहिली असेल. ती शोभेसाठी नाही. वायूचा दाब वाढला तर डबीने तेथेच फाटावे, बाजूने फुटून उडू नये, यासाठी केलेली ती सोय आहे. म्हणूनच नव्या जोडणीला प्रथम वीज देताना अशा कपॅसिटरवर वाकून पाहू नये.

हे समजावून सांगायला मला दोन-तीन मिनिटे लागली. त्या मुलाचा चेहरा उजळला. तीच दोन-तीन मिनिटे त्या शनिवारी कोणी खर्च केली असती, तर पंचवीस मुले पट्टीचा अर्थ जन्मभर विसरली नसती. कुलपाने त्यांना निराळाच धडा दिला. अपघात झाला, तर तो कोणाला कळू देऊ नये!

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की छंदातला धोका कुलपाने जात नाही, लपवण्याने तर तो वाढतो. तो कमी होतो फक्त उघडपणे सांगण्याने. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. त्याची किंमत माझ्या घरी दुसऱ्यानेच मोजली आहे.

पाच ज्यूलचा अनुभव

१९९७ साली मी अकरावीत होतो. मामाने त्याचा जुना, बंद पडलेला रोलचा कॅमेरा मला दिला. त्याला फ्लॅश होता. एका दुपारी, घरचे झोपलेले असताना, मी तो उघडला. कॅमेऱ्यात दीड व्होल्टचा एकच सेल होता. खबरदारी म्हणून मी तो आधी काढून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. दीड व्होल्टचा सेल, तोही काढलेला, आता भय कसले?

पुढच्या क्षणी कोणीतरी दंडावर काठी मारावी तसा तडाखा बसला. कॅमेरा हातातून उडून पलंगाखाली गेला. बोटांवर दोन पांढरे ठिपके उमटले. पाच मिनिटे मी नुसता बसून होतो. मग कॅमेरा उचलून फळीवर ठेवला, आणि कोणालाही काही बोललो नाही. बाबा ओरडतील, सोल्डरिंग आयर्न काढून घेतील, एवढेच डोक्यात होते.

दोन दिवसांनी माझ्या धाकट्या भावाने तोच कॅमेरा घेतला. त्याने सेल घातला, फ्लॅशचे बटण दाबले, ती बारीक शिट्टी ऐकली आणि दादाने आत काय पाहिले ते पाहायला गेला. तो सातवीत होता. झटक्याने त्याचा हात मागे फेकला गेला, तो थेट कपाटाच्या काचेवर. मनगटाच्या वर चार टाके पडले. ती खूण आजही आहे. डॉक्टरांकडून परत येताना त्याने मला एकच प्रश्न विचारला, “दादा, तुला माहीत होतं?” मी ‘नाही’ म्हणालो. त्या उत्तराची टोचणी त्या चार टाक्यांपेक्षा जास्त काळ राहिली.

आता यातले पदार्थविज्ञान पाहू. फ्लॅशच्या मंडलात एक छोटा ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर असतो. तो दीड व्होल्टपासून सुमारे ३०० व्होल्टचा दाब तयार करतो (शिट्टी त्याचीच) आणि त्याने कपॅसिटर भारित होतो. माझ्या कॅमेऱ्यातील कपॅसिटरवर १२० मायक्रोफॅरड, ३३० व्होल्ट असे छापले होते. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले दाबाचा वर्ग, भागिले दोन. करा हिशेब: ०.००००१२ नव्हे, नीट शून्ये मोजा, ०.०००१२ फॅरड, ३०० चा वर्ग ९०,०००, गुणाकार १०.८, त्याच्या निम्मे ५.४ ज्यूल. एक किलोचे वजन सुमारे ५५ सेंटिमीटर उंचीवरून बोटावर पडले तर जेवढी ऊर्जा, तेवढी ही. आणि सेल काढल्याने ती कोठेही जात नाही. सेल हा नळ आहे, कपॅसिटर ही टाकी आहे. नळ बंद केला म्हणून टाकी रिकामी होत नाही.

मग टाकी रिकामी कशी करावी? पुष्कळ जण स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टोके जोडतात. तसे करू नका. मोठी ठिणगी पडते, वितळलेल्या धातूचे कण उडतात आणि डोळ्यात जाऊ शकतात. २.२ किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला दोन चांगल्या आवरणाच्या तारा आणि क्लिपा जोडा, उघड्या जागी स्लीव्ह चढवा. हा तुमचा ‘रिता करणारा’. रोध गुणिले धारकता म्हणजे येथे सुमारे पाव सेकंद. त्याच्या पाचपट काळात, म्हणजे दीड सेकंदाच्या आत, दाब तीनशेवरून दोन-तीन व्होल्टवर येतो. तरीही विश्वास ठेवायचा तो मीटरवर. डीसी दाब मोजा आणि मगच हात लावा. हा रेझिस्टर दहा-पंधरा रुपयांच्या आसपास मिळतो. माझ्या टेबलावर आजही तो पहिल्या खिळ्याला टांगलेला असतो.

फ्रँकलिनलाही लाज वाटली होती

लाज वाटून अपघात लपवणारे आपणच पहिले नव्हे. लेडन या डच शहरातील प्राध्यापक पीटर व्हान मुशेनब्रुक यांना पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवताना जबर झटका बसला. त्यांनी तो लपवला नाही. १७४६ सालच्या जानेवारीत त्यांनी पॅरिसच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञांना पत्र लिहून सगळी हकीकत कळवली आणि हा प्रयोग पुन्हा स्वतःवर करण्याची आपली मुळीच तयारी नाही, हेही सांगितले. पत्राने युरोपभर खळबळ उडाली. लोक सावधही झाले आणि ‘लेडनची बरणी’ घराघरांतल्या प्रयोगशाळांत पोचलीही. आपल्या आजच्या कपॅसिटरची ती आजी.

बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १७५० सालच्या डिसेंबरात त्यांनी दोन मोठ्या भारित बरण्यांच्या झटक्याने एक टर्की पक्षी मारून दाखवण्याचा घाट घातला होता. बोलण्याच्या नादात त्यांचाच हात लागला आणि सारी वीज त्यांच्या हातांतून व शरीरातून गेली. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी घडलेले सगळे बारकाईने नोंदवले. काय जाणवले, हात किती वेळ बधिर राहिला, हेसुद्धा. शेवटी त्यांनी लिहिले, की हे अमुक एका मित्राला सावध करण्यासाठी जरूर सांगा, पण याचा बोभाटा करू नका, कारण असली ढोबळ चूक केल्याची मला लाज वाटते.

पहा, एवढ्या मोठ्या माणसालाही लाज सुटली नाही. पण मित्राला सावध करणे त्यांनी लाजेपेक्षा वरचे मानले. आमच्या घरी त्या दुपारी मी नेमके याच्या उलट केले होते.

कुलपाच्या बाजूने काय म्हणता येईल?

मुख्याध्यापकांची बाजू मी समजू शकतो. ‘उद्या मुलाला काही झाले तर पालक मलाच विचारतील,’ असे ते म्हणाले. हे खरेच आहे. एका वर्गात तीस मुले, एक शिक्षक, आणि गरम लोखंडाची सहा हत्यारे. जबाबदारी लहान नव्हे. पण कुलूप लावल्याने मुलांचा छंद थांबतो का, याचा विचार करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत शनिवारी चक्कर मारा; दप्तर पाठीला लावलेली मुले सुटे भाग घेताना दिसतील. लहान गावातल्या मुलाच्या घरी पार्सल येते. शिकवणारे असंख्य व्हिडिओ खिशात आहेत. शाळेतल्या टेबलावरून उठवलेला मुलगा रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेच काम करतो. फरक इतकाच, की तेथे अर्थिंग तपासलेला प्लग नसतो, शेजारी शिक्षक नसतात आणि काही बिघडले तर सांगायला कोणी नसते. धोका शाळेतून गेला, मुलाच्या आयुष्यातून गेला नाही. उलट तो एकटा पडला.

दुसरा एक आक्षेप असा, की आता तयार मॉड्यूल आणि ब्रेडबोर्ड मिळतात, मग सोल्डरिंग हवे कशाला? ब्रेडबोर्डवर शिकण्यास सुरुवात करणे उत्तमच. सरकारने २०१६ पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडण्यास सुरुवात केली, त्यामुळे हे साहित्य पुष्कळ मुलांच्या हाती आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्याने एकदाही स्वतःच्या हाताने जोड दिला नाही, त्याला सैल जोड म्हणजे काय ते कळत नाही. आणि घरातला निम्मा बिघाड सैल जोडातच असतो, असे माझा अनुभव सांगतो.

रेघ कोठे ओढावी?

याचा अर्थ मुलांना मोकळे सोडावे असा मुळीच नाही. रेघ हवीच; पण ती कुलपाची नव्हे, समजुतीची. मी माझ्या महाविद्यालयातल्या आणि सोसायटीतल्या मुलांसाठी ती अशी ओढली आहे.

पहिला टप्पा, साध्या सेलवर किंवा चांगल्या तयार अडॅप्टरवर चालणारी, १२ व्होल्टपर्यंतची मंडले. येथे मुलांनी खुशाल चुका कराव्यात. कोरड्या हाताला या दाबाचा झटका जाणवत नाही. एलईडी जळेल, आयसी तापेल, फार तर बोट पोळेल.

दुसरा टप्पा, घरातली २३० व्होल्टची वीज. येथे शिक्षकाशिवाय हात नाही. कारण आकड्यांतच पाहा. माणसाच्या शरीरातून एक मिलिॲम्पिअर गेला तर मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. तीसच्या पुढे, काही काळ गेला, तर जीवावर बेतू शकते. म्हणून तर घरातला आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरला तुटावा असा बनवतात. ओल्या त्वचेचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिॲम्पिअर! आणि हेही लक्षात ठेवा, की एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि वीज जमिनीकडे गेलीच नाही, तर आरसीसीबीला तुम्ही आणि दिवा यांतला फरक कळत नाही. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवायला सांगत. वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तर वाटेत हृदय लागते.

आजकाल जळालेला एलईडी बल्ब उघडून दुरुस्त करण्याची मुलांना हौस वाटते. हौस चांगली, पण सापळा ओळखा. पुष्कळशा बल्बांत ट्रान्सफॉर्मर नसतो. आतले मंडल सरळ मेन्सला जोडलेले असते. त्यातले ‘मायनस’ म्हणजे जमीन नव्हे. होल्डरमध्ये बल्ब जसा बसेल तसा तेथे फेजही असू शकतो. टेस्टर पेटला तर वीज आहे हे खरे. पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे मात्र समजू नका.

बल्बच्या सिरीज बोर्डाविषयीही असाच गैरसमज आहे. संशयित वस्तूच्या मालिकेत ६० वॅटचा जुना तारेचा दिवा घातला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडण्याऐवजी दिवा पूर्ण पेटतो, उत्तम युक्ती. पण प्रवाह पाव ॲम्पिअरपर्यंत जाऊ शकतो, आणि तो माणसाला मारायला पुरेसा आहे. सिरीजचा दिवा वस्तू वाचवतो, माणूस वाचवत नाही.

तिसरा टप्पा, ज्याला शाळेत आणि घरात दोन्हीकडे ‘नाही’. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर हा त्यातला पहिला. तो सुमारे दोन हजार व्होल्ट देतो आणि सोबत भरपूर प्रवाह. त्याच्या साहाय्याने लाकडावर जळकी नक्षी काढण्याचे व्हिडिओ पाहून जगात अनेकांनी प्राण गमावले आहेत. दुसरा, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा पाठीमागचा भाग. तिसरा, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे उघडे सेल. १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा हा सेल पूर्ण भारित असताना जेमतेम ४.२ व्होल्ट देतो, म्हणून मुलांना तो गरीब वाटतो. पण २,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे साडेसव्वीस हजार ज्यूल ऊर्जा असते. माझ्या कॅमेऱ्यातल्या कपॅसिटरच्या जवळजवळ पाच हजारपट! तो झटका देत नाही, आग देतो. त्याची टोके चुकून अंगठीने किंवा कड्याने जोडली गेली, तर तो दागिना लाल होऊ शकतो. म्हणून टेबलावर बसताना अंगठी, कडे, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे, आणि अशा सेलला सोल्डरिंग आयर्न लावू नये.

अपघाताची वही

आता माझी सूचना. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत एक शंभर पानी वही टांगावी. तिचे नाव ‘अपघाताची वही’. तीत तीनच रकाने: काय झाले, का झाले, पुढे काय करावयाचे. चौथा रकाना, म्हणजे ‘कोणाकडून झाले’, मुद्दाम ठेवू नये. ज्याने नोंद केली त्याला शिक्षा नाही, हे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी वर्गात सांगावे. आणि पहिली नोंद शिक्षकांनी स्वतःच्या चुकीची करावी.

माझ्याकडे अशी वही गेली काही वर्षे आहे. तिच्यातल्या काही नोंदी देतो.

‘नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर लाल एलईडी जोडताच विझला. कारण, एक किलोओहमऐवजी दहा ओहमचा रेझिस्टर लागला. तपकिरी-काळा-लाल आणि तपकिरी-काळा-काळा यांत रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली गल्लत झाली. एक किलोओहमने सात मिलिॲम्पिअर गेला असता. येथे हिशेबाने त्याच्या शंभरपट. पुढे, रंग वाचल्यावरही रेझिस्टर मीटरने मोजून लावणे.’

‘ट्रान्झिस्टर तापला, मंडल चालेना. कारण, बीसी ५४७ च्या जागी २एन ३९०४ घातला. चपटी बाजू समोर धरली आणि पाय खाली ठेवले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. रूप सारखे, पाय उलटे. पुढे, नवा भाग लावण्यापूर्वी त्याचा तक्ता पाहणे.’

‘मीटर “फट्” झाले. कारण, आधी प्रवाह मोजला होता. लाल तार ॲम्पिअरच्या भोकातच राहिली आणि तशीच बारा व्होल्टच्या अडॅप्टरला लावली. मीटरचा फ्यूज गेला. मेन्सला लावली असती तर? पुढे, प्रवाह मोजून झाला की तार लगेच दाबाच्या भोकात परत.’

‘सोल्डरिंग आयर्नची वायर आयर्नच्याच टोकाला टेकली, आवरण वितळले, तांबे उघडे पडले. कारण, आयर्न स्टँडवर न ठेवता वहीवर ठेवले. पुढे, जड बुडाचा स्टँड, तीन पिनांचा प्लग, आणि काम संपताच बटण बंद.’

‘बोटांना फोड आले. कारण, टेबलावरून पडणारे आयर्न झेलले. पुढे, पडणारे आयर्न पडू द्यावे. फोडावर पेस्ट, हळद काही न लावता वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरणे.’

‘कापलेला पाय उडून गालाला लागला. पुढे, रेझिस्टरचा पाय कापताना दुसऱ्या हाताने तो धरून ठेवणे. साधा गॉगल घालणे.’

एक नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ती अपघात होण्यापूर्वी केलेली आहे. एका मुलीने लिहिले: ‘दोन्ही हात गुंतलेले असले की मी सोल्डरची तार दातांत धरते. हे बरोबर आहे का?’ मुळीच नाही! नेहमीच्या सोल्डरमध्ये साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असते. काम करताना जो धूर दिसतो तो शिशाचा नव्हे, तारेतल्या राळेचा. तो दम्याच्या मुलांना त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे पोटात जाते ते हातावाटे आणि तोंडावाटे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, टेबलावर खाऊ आणू नये, आणि तार दातांत तर कधीच नाही. त्या मुलीने विचारले नसते तर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नसती. वहीची भीती नसेल तर मुले अपघाताच्या आधीच बोलतात, हा मला मिळालेला सर्वांत मोठा लाभ.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र एक गोष्ट आधीच छापून चिकटवावी. कोणाला वीज चिकटली तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. श्वास थांबला असेल तर माहीतगार माणसाने लगेच छाती दाबण्याचे प्रथमोपचार सुरू करावेत आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करावा. मेन स्विच कोठे आहे हे वर्गातल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगता आले पाहिजे. तुम्हाला सांगता येईल का? हा मजकूर वाचून झाल्यावर आधी ते पाहून या.

असो. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असू द्या, पण कपाट उघडा. पालकांना विनंती आहे, की मुलगा ‘मला शॉक बसला’ असे सांगत आला तर आधी त्याचा हात पाहा, मग त्याची जोडणी पाहा, आणि रागवायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी रागवा. तो पुढच्या वेळी सांगेल की नाही, हे त्या पहिल्या मिनिटावर ठरते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला काय सांगू? झटका बसणे ही नामुष्की नाही. त्याच उघड्या कॅमेऱ्याजवळ तुमचे धाकटे भावंड जाणार आहे हे ठाऊक असून गप्प बसणे, ही नामुष्की आहे. माझ्या भावाला त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी सतरा वर्षांनी दिले. तो हसला आणि म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या बोटांवरचे ठिपके मी पाहिले होते.”

ती शाळा माझ्या घरापासून फार लांब नाही. जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. बरोबर सोल्डरिंग आयर्न नेणार नाही. एक शंभर पानी वही नेणार आहे. तिच्या पहिल्या पानावर कॅमेऱ्याची हकीकत मी लिहूनही ठेवली आहे.